कोपराचं प्रतिज्ञापत्र

आमच्या व्याह्यांनी माझ्या कोपरावर संशय घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. उभा जन्म त्यांनी कोर्टात शिरस्तेदार म्हणून काढला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून कुणी 'बाहेर ऊन पडलंय' म्हटलं तरी खिडकीपर्यंत जाऊन खात्री करून येतात. त्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झालं, गप्पा रंगल्या, आणि मी सवयीप्रमाणे 'तो' ट्राय सांगायला घेतला. माझी बायको सवयीप्रमाणे पाणी आणायला उठली. टेबलावर भरलेला जग होता.

'तो' ट्राय म्हणजे सदतीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातला, शेवटच्या मिनिटाचा. ज्यांना रग्बी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी मध्ये बोलू नये. चेंडू हातात धरून, समोरच्यांना चुकवत नाहीतर तुडवत पळायचं आणि त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. टेकवला की ट्राय. आमचा क्लब तीन गुणांनी मागे होता आणि ट्रायचे तेव्हा चार मिळत. अशा वेळी उजव्या कडेने आमचा 'वीज' सुटला. हे त्याचं टोपणनाव, आणि तेव्हा ते शोभायचं. अर्धं मैदान एकटा कापत गेला आणि कोपऱ्यात पडला तो चेंडू घेऊनच. आमच्या गावाने त्याआधी काही जिंकलं नव्हतं आणि त्यानंतरही जिंकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो आला. त्यात वीजचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, तोंड उघडं, आणि डाव्या कडेला, चौकटीने कापलेला, चौकड्यांच्या कोटातला एक कोपर.

तो कोपर माझा. मी सीमारेषेला खेटून उभा होतो, डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून उजवा हात कपाळाला लावला होता, आणि वीज माझ्या कोपराला घासून पुढे गेला. हा फोटो पुढे क्लबच्या कॅलेंडरवर आला, तिकिटांवर आला, एका गंजीफ्रॉकच्या खोक्यावरही आला. म्हणजे माझा कोपर या गावातल्या घराघरांत पोचलेला आहे, फक्त मी पोचलेलो नाही.

मोठ्या माणसांशी माझा संबंध एवढाच आला असं समजू नका. एकदा राष्ट्रीय संघाचा कप्तान आणि मी एकाच लिफ्टमध्ये होतो. त्याने मला "चौथा" एवढंच सांगितलं आणि मी चौथ्याचं बटण दाबलं. एकदा परदेशातून आलेल्या एका दांडग्या खेळाडूने मला मैदानाबाहेर हाताने खूण करून मुतारी विचारली होती. मी त्याला दारापर्यंत सोडून आलो. त्या सामन्यात तो फार चांगला खेळला. पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. कोपर तो कोपर.

तर मी सांगून संपवलं. जावई म्हणाला, "वा, बाबा." हा 'वा' तो लग्नापासून म्हणतो आहे, हल्ली मोबाइलवरची नजर न काढता म्हणतो. व्याह्यांनी मात्र सगळं नीट ऐकलं, चष्मा काढला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पण कोपर कुणाचाही असू शकतो, नाही का?"

"म्हणजे?"

"म्हणजे चेहरा दिसत नाही, नाव नाही. आणि कोपर काय हो, सगळ्यांनाच दोन-दोन असतात."

मी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. भल्याभल्या व्यापाऱ्यांचे तराजू माझ्या एका शब्दावर जप्त झाले आहेत. एका वाण्याचं किलोचं वजन अकरा ग्रॅमने कमी निघालं, तर तो माझ्या पाया पडला तरी मी खटला मागे घेतला नाही. त्या माझ्या शब्दाला मुलीच्या सासरी, जावयाच्या देखत, पुरावा मागितला गेला. बायको पाणी घेऊन परत आली तेव्हा माझा चेहरा बघून तिने तो ग्लास मलाच दिला.

घरी येताना ती म्हणाली, "कोपर तुमचाच आहे हो. मी कुठे नाही म्हणते?"

"तू म्हणून काय उपयोग! तू घरची साक्षीदार."

त्याच आठवड्यात क्लबचं पत्रक आलं. क्लबची नवी इमारत बांधून झाली होती, तिच्या सभागृहात तो फोटो अख्ख्या भिंतीवर लावणार होते, आणि जुन्या चाहत्यांनी आपल्या आठवणी विहित नमुन्यात, तीन प्रतींत पाठवाव्यात अशी विनंती होती. निवडक आठवणींची पितळी पट्टी फोटोखाली बसवली जाणार होती. मला फार काही नको होतं. कोपराच्या खाली माझं नाव, आणि त्या नावाकडे बघताना व्याह्यांचा चेहरा, एवढंच पुरे होतं. अर्जात सातवा रकाना होता, 'आठवणीचा पुरावा'. त्यात काय लिहावं हे मला कळेना आणि मी चूक केली ती इथेच. मी शेजाऱ्यांना विचारलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. त्यांनी मला बाल्कनीत उभं केलं, हात कपाळाला लावायला सांगितला आणि कॅलेंडरवरच्या कोपराशी माझा कोपर कंपासपेटीतला कोनमापक लावून ताडून बघितला. सहा अंशांचा फरक आला. "वयोमानाने येतो एवढा," असं त्यांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं आणि हात खाली घेऊ नका म्हणून स्केच काढायला बसले. समोरच्या घरातले हाडांचे डॉक्टर ते बघून मदतीला धावून आले. त्यांचं म्हणणं, एक्स-रे काढू या. मी विचारलं, फोटोतल्या कोपराचा एक्स-रे कुठून आणणार? त्यावर ते म्हणाले, "तो नाही मिळाला तरी तुमचा असलेला बरा." या दोघांच्या नादाने मी पाऊण तास सलाम ठोकल्यासारखा उभा होतो. खालून जाणाऱ्या दोघा-तिघांनी उलट सलामही केला. संध्याकाळी खांदा असा धरला की मला जेवणही डाव्या हाताने करावं लागलं.

शेवटी ठरलं की मूळ फोटोच मिळवायचा. वर्तमानपत्राने तो कापून छापला होता; म्हणजे न कापलेल्या फोटोत मी सबंध असणार. त्यांच्या संग्रह विभागात गेलो. तिथली बाई एका लांबलचक खोलीच्या तोंडाशी बसली होती आणि मागे छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी.

"कुणाचा फोटो हवाय?"

"माझा."

"आपण कोण?"

"त्या फोटोतला कोपर."

तिने पेन खाली ठेवलं. मग मला समजावून सांगितलं की फोटोची प्रत फोटोतल्या व्यक्तीला विनाशुल्क मिळते, इतरांना संपादकांच्या परवानगीने. मी व्यक्तीच आहे हे मी सांगितलं. ती म्हणाली, व्यक्ती आहात हे दिसतंय, पण फोटोतली आहात हे सिद्ध करा. मी म्हटलं, ते सिद्ध करायलाच तर फोटो हवाय. ती म्हणाली, मग आधी फोटो आणा. असं आम्ही दोघं तीन मंगळवार एकमेकांना सांगत होतो. चौथ्या मंगळवारी ती बाई रजेवर होती आणि तिच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी काही न विचारता पाच मिनिटांत निगेटिव्ह काढून दिली. सरकारी नोकरीत मी हे अनेकदा पाहिलं होतं, पण खिडकीच्या या बाजूने ते इतकं गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

प्रिंट मी टेबलाएवढी मोठी करून घेतली. ती उलगडली आणि माझे डोळे भरून आले. मी होतो! सबंध. डोक्यावर केस, अंगात चौकड्यांचा कोट, कपाळाला हात. बुटांची टोकं चुन्याच्या रेषेच्या चार इंच अलीकडे, एका ओळीत. मी कायद्याने वागणारा माणूस, मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. आणि वीजचा चेंडू धरलेला हात माझ्या कोपराला असा भिडलेला की माझ्या बाहीला पडलेली चुणीसुद्धा मोजता येत होती. वर्तमानपत्राच्या जाड्याभरड्या छपाईत यातलं काही दिसत नव्हतं. बायकोने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "किती बारीक होतात हो."

प्रिंट आणि ट्रंकेतला कोट घेऊन मी थेट व्याह्यांकडे गेलो. त्यांनी कोट उलटासुलटा केला, चौकड्या मोजल्या, भिंग लावून माझं नाक फोटोतल्या नाकाशी ताडलं. मग उठून माझा हात हातात घेतला. "व्याही, मी शब्द मागे घेतो," ते म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं. पण ते पुढे म्हणाले, "आता हे रीतसर करू या. नुसत्या फोटोला कोर्ट विचारत नाही." कुठलं कोर्ट, हे मी विचारलं नाही. माणूस जिंकत असताना असे प्रश्न विचारत नाही.

त्यांनी दोन दिवस बसून प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. इतक्या वर्षांनी हाताला काम मिळाल्यामुळे त्यांचा चेहरा उजळला होता. 'मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर क्षणी माझे दोन्ही पाय सीमारेषेच्या पूर्णपणे बाहेर होते. सदर खेळाडू सीमारेषेच्या आतून चेंडू हातात घेऊन धावत असता त्याचा चेंडू धरलेला हात माझ्या उजव्या कोपरास स्पष्टपणे व निःसंशय लागला. आणि सदर स्पर्शाने माझ्या कोटाची बाही शिवणीत अर्धा इंच उसवली.' अर्धा इंच मी घातला. मोजमापात मी कधी गुळमुळीत राहिलेलो नाही. नोटरीपुढे सह्या केल्या, शिक्के मारले, तीन प्रती क्लबात दिल्या, पोच घेतली.

आता अर्जातला फक्त एक रकाना राहिला होता, 'सामन्याशी संबंधित व्यक्तीची शिफारस'. त्या सामन्याचे रेफरी अजून हयात होते, आणि हीच अडचण होती. मी वीस वर्षं स्टँडमधून त्या माणसाला आंधळा म्हणत आलो होतो. स्टँडमध्ये मला 'नियमपुस्तक' म्हणतात. शिट्टी वाजायच्या आत मी नियमाचा क्रमांक ओरडतो. त्यांच्या निरोपाच्या सामन्याला चार जणांनी वर्गणी काढून त्यांना चष्म्याचं घर भेट दिलं होतं, त्या चौघांत मी होतो. कल्पना माझीच होती.

पण ते चांगले वागले. ब्याऐंशी वर्षांचे, ताठ, एकटे राहतात. मला खुर्ची दिली, स्वतः चहा केला. प्रिंट टेबलावर पसरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"पाय बाहेरच होते तुमचे?"

"पूर्ण! चार इंच बाहेर. लिहिलंय मी."

"आणि नक्की लागला? नुसता जवळून गेला असेल."

"जवळून काय! चांगला घासून गेला. बाही उसवली माझी. हा बघा कोट."

त्यांनी कोटाची शिवण बघितली. प्रतिज्ञापत्र वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मला वाटलं, भाषा आवडली असेल.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "चेंडू घेऊन पळणारा गडी रेषेबाहेरच्या कशालाही लागला, तर काय निर्णय द्यायचा?"

चाळीस वर्षांची सवय. मी बोट वर करून ओरडलोच, "बाहेर! चेंडू बाहेर! खेळ थांबला!"

माझं बोट वरच होतं. मी ते हळूच खाली घेतलं.

"पण कोपर तर आत होता," मी म्हटलं. "पाय बाहेर, कोपर आत."

"माणूस बाहेर उभा होता ना? मग कोपर काय वेगळा राहतो?" ते म्हणाले. "म्हणजे ट्राय नाही. म्हणजे तुमचा क्लब तो सामना हरला. सीमारेषेवरचा माझा झेंडेवाला चिखलात घसरून मागे राहिला होता आणि माझ्या आणि वीजच्या मध्ये दोन गडी होते. दिसलं नाही मला." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणायचात ते बरोबर होतं. त्या दिवशी मी खरंच आंधळा होतो. फक्त त्या एका दिवशी तुम्ही ओरडला नाहीत."

शिफारशीवर त्यांनी सही केली नाही. चहा चांगला होता, एवढं मी जाताना म्हटलं.

सदतीस वर्षं! दर रविवारी, दर पाहुण्याला, दर न्हाव्याला मी माझ्या तोंडाने सांगत आलो की वीज मला घासून गेला. नियम मला पाठ होता, गोष्ट मला पाठ होती, आणि दोन्ही एकाच डोक्यात राहत असून त्यांची कधी गाठ पडली नव्हती. ऐकणाऱ्यांपैकीही कुणाच्या लक्षात आलं नाही, याचा अर्थ कुणी ऐकतच नव्हतं. याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबचे सेक्रेटरी घरी आले. प्रती त्यांनी वाचल्या होत्या. त्यांच्या मागून, दारात जरा आडवं होऊन, एक अवाढव्य गृहस्थ आत आले. मी ओळखलंच नाही. बायकोने ओळखलं. नळ आणि बेसिनच्या जाहिरातीत ते रोज तिच्यासमोर उभे असतात. तो वीज होता. गावात त्याचं बाथरूमच्या सामानाचं तीन मजली दुकान आहे, काचेवर तोच फोटो आहे, आणि शाळाशाळांतून तो 'शेवटच्या मिनिटापर्यंत पळा' या विषयावर भाषणं देतो.

सेक्रेटरी लगेच सुरू झाले. क्लबची अब्रू, इमारतीला देणगी देणारी मंडळी, हरलेला क्लब अजून टपून बसलाय वगैरे. वीज माझ्या उजव्या कोपराकडे बघत होता.

"चौकड्यांचा कोट तुमचा," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"मला लागलं होतं. तेव्हाच कळलं. मला वाटलं, आता शिट्टी होणार. शिट्टी होईना. मग काय थांबू का मी? पळालो." त्याने कपाळ पुसलं. "पुढची दोन वर्षं मैदानात उतरलो की आधी कडेला चौकड्यांचा कोट शोधायचो, चेंडू नंतर. पास सुटायचे. लोक म्हणाले, वीज संपला."

मीही म्हणालो होतो. स्टँडमध्ये उभं राहून, मोठ्याने. त्या दिवशी मी तोच कोट घातला होता.

"लोक फोटो काढून घ्यायला येतात, मागे ते चित्र असतं. मी त्यांच्याकडे बघून हसतो, पण लक्ष तुमच्या कोपराकडे. आज येईल, उद्या येईल, असं करत इतकी वर्षं गेली. तुम्ही कुणाला बोलला नाहीत कधी?"

"रोज बोललोय," मी म्हटलं. "सगळ्यांना."

"मग?"

"कुणी लक्ष दिलं नाही."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. प्रसिद्ध माणसाने आपल्याला लक्षात ठेवावं एवढीच माझी हौस होती, आणि हा माणूस सदतीस वर्षं माझ्याशिवाय दुसरं काही लक्षात ठेवू शकला नव्हता. त्याच्या बायकामुलांनाही त्याने इतकं आठवलं नसेल. आणि त्याच वेळी त्या घामेजल्या, थकल्या गृहस्थाकडे बघून मला माझीच लाजही वाटत होती. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कुणाचं पारडं जड ते मला, इतकी वर्षं तराजू तपासूनही, सांगता येईना.

सेक्रेटरींनी टाइप केलेला कागद पुढे केला. 'छायाचित्रातील कोपर माझा नसून, वयोपरत्वे झालेल्या गैरसमजातून मी तसा दावा केला होता.' बायकोने तो माझ्या खांद्यावरून वाचला.

"करा सही," ती म्हणाली. "निदान ती गोष्ट तरी ऐकायला लागणार नाही."

"मी प्रतिज्ञेवर सांगितलंय. अकरा ग्रॅमसाठी मी माणसं कोर्टात उभी केली आहेत."

"तुम्ही म्हणाल तसं," वीज म्हणाला. "खरं तेच सांगा हवं तर. मी आता नाही म्हणणार नाही."

सेक्रेटरींनी त्याच्याकडे असं बघितलं की हा माणूस आज बरोबर आणायलाच नको होता. आणि खरं सांगायचं तर याच वाक्याने माझी पंचाईत झाली. त्याने हातपाय जोडले असते तर मी निरीक्षकासारखा ताठ राहिलो असतो. पण मला तो दिवस आठवला. ट्राय झाला तेव्हा शेजारचा एक अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला होता. मीही रडलो होतो. आमच्या मिलचा भोंगा भलत्या वेळी वाजवला होता कुणीतरी. तेवढा एकच दिवस आला होता गावाच्या वाट्याला. तो वजनात कमी भरतो म्हणून आता जप्त करून मी कुठे ठेवणार होतो?

"एकच अट," मी म्हटलं. "आमच्या व्याह्यांना तेवढं खरं माहीत असू दे. ते कुणाला सांगणार नाहीत."

"शिरस्तेदार होते ना?" सेक्रेटरी म्हणाले. "एकालाही सांगायचं नाही."

मी सही केली. सही जरा तिरकी आली. दोष चित्रकला शिक्षकांमुळे धरलेल्या खांद्याचा असं आपण समजू.

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. भिंतीवर जुनाच, वर्तमानपत्रात छापलेला फोटो लावला होता, फक्त हत्तीएवढा. सगळं ठिपक्याठिपक्यांचं, कोण कुणाला लागलंय ते कळू नये असं. कोपर काढून टाकायचा त्यांचा विचार होता म्हणे, पण लोकांना तो कॅलेंडरवरून पाठ झाला होता. आम्ही चौथ्या रांगेत. व्याही सूट घालून, दोन चुलत भाऊ, एक मेहुणे आणि त्यांचे साडू यांना घेऊन आले होते. माझ्या नावाची पट्टी बघायला. त्यांना आधी फोन करून सांगावं म्हणून मी आठ दिवस रोज फोन उचलत होतो आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी करून ठेवत होतो.

"तो बघा," व्याही मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तो कोपर आमच्या व्याह्यांचा! पुरावा पाहिलाय मी. मसुदा माझा आहे."

पाच-सहा माना वळल्या. एक पत्रकारही वळला. मंचावरून सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "तो माझा नाही."

"काय?"

"माझी चूक झाली. कोट तसाच होता. कोपर दुसऱ्याचा."

"अहो, पण तो मोठा फोटो? प्रतिज्ञापत्र?"

"मागे घेतलं. वय झालं हो, व्याही. होतो घोटाळा."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत कोर्टात फिरलेले साक्षीदार त्यांनी शेकड्याने पाहिले असतील, पण त्यांतला एकही त्यांच्या नात्यातला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि चुलत भावांकडे वळून म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच. मी बोललोही होतो." जावयाने मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. बायको समोर बघत होती. तिने माझी बाही मात्र मुठीत घट्ट धरली होती.

भाषणं झाली, पडदे सरले, पितळी पट्ट्या लागल्या. मग वीज मंचावरून खाली उतरला आणि आमच्या रांगेतून, गुडघ्यांच्या आणि पुढच्या खुर्च्यांच्या फटीतून, एकेकाचा हात हातात घेत निघाला. साडूंचा घेतला. मेहुण्यांचा घेतला. व्याह्यांचा तर दोन्ही हातांनी घेतला. ते उभेच राहिले. मग माझ्यापाशी आला. मी खुर्चीच्या हातावर कोपर टेकून बसलो होतो.

तो थांबला. मग पोट आत ओढून, दोन्ही हात वर धरून, पुढच्या खुर्चीला चिकटत, तेवढा अजस्र माणूस माझ्या बाजूने असा सरकत गेला की त्याच्या कोटाचा धागाही मला लागला नाही. पलीकडे गेल्यावर त्याने माझ्याकडे मागे वळून एकदा बघितलं आणि पुढच्या माणसाचा हात धरला.

व्याही माझ्या कानाशी वाकले.

"बघा," ते म्हणाले, "तुम्हाला तर तो ओळखतसुद्धा नाही."

"नाही ओळखत," मी म्हटलं.